शस्त्राचं दान

नात तालुक्याला तिरंदाजी शिकते. इंडियन राउंडमध्ये बांबूचं धनुष्य वापरतात, नेम 30 आणि 50 मीटरवरून. तिच्या वाढदिवसाला मी स्वतः तिरकमठा करून देतोय हे कळल्यावर आमचे बौद्ध शेजारी म्हणाले, "गुरुजी, बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. पहिलाच शस्त्रांचा. तुम्ही तर फुकट देताय!"

फुकट दिलं म्हणजे व्यापार नव्हे, ही पळवाट झाली. महाभारतात अग्नीच्या सांगण्यावरून वरुणानं अर्जुनाला गांडीव दिलं. त्या देणगीचं पहिलं काम कोणतं? खांडववन जळत असताना पळणारे जीव टिपणं. देणारा देव आणि घेणारा अर्जुन, तरी त्या जीवांची सुटका झाली नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नीच पुन्हा आडवा येतो, धनुष्य परत मागतो आणि अर्जुन ते पाण्यात सोडतो. शस्त्राचं दान कायमचं नसतं, एवढं व्यासांनी बजावून ठेवलंय.

गीतेचा सतरावा अध्याय सांगतो की सात्त्विक दान योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न धरता द्यावं. आपण परीक्षा घेतो ती घेणाऱ्याची. धनुष्यासाठी मानवेल बांबू तासताना मला ती देणाऱ्याचीही वाटू लागली. बांबूची बाहेरची बाजू शाबूत ठेवायची, तिथले धागे दाट असतात, ताण तेच सोसतात. सुरी चालवायची ती आतून. दोरी ओढून बघायचं आणि जी बाजू ताठ राहते तिचंच थोडं खरवडायचं. मला कडक धनुष्य आवडतं. पण तसं ठेवलं तर पोरीचा खांदा दुखावेल. तेव्हा बांबूबरोबर माझी हौसही तासावी लागते.

धनुष्याबरोबर दोन नियमही द्यायचे. बाण न लावता दोरी सोडायची नाही. सगळा जोर बांबूतच परततो आणि तो तडकतो. समोर माणूस वा जनावर असेल तर दोरी ओढायचीसुद्धा नाही.

शेजाऱ्यांना माझं उत्तर असं: शस्त्र द्यावं, पण घेणाऱ्याच्या बळाला बेतून, नियम सांगून, आणि नियम मोडला तर काढून घ्यायच्या तयारीनं. काढून घेणं म्हणजे परतफेड मागणं नव्हे. एवढं मन घट्ट करता येत नसेल, त्या आजोबानं नातीला सायकल द्यावी.