‘शेप’ आणि घडण

इंग्रजींतील ‘शेप’ हा शब्द आज इतका रुळला आहे कीं, त्याच्या कुळाची चौकशी करावी असें सहसा कोणास वाटत नाहीं. मेघाची आकृति असो वा टोपीची ठेवण असो, वस्तूची बाहेरची रेषा दाखविली म्हणजे ह्या शब्दाचें काम संपलें, असें आपण धरून चालतों. त्याचें पूर्वचरित्र मात्र निराळें आहे.

जुन्या इंग्रजींत ह्या शब्दाचा धातु ‘निर्माण करणें’ ह्या अर्थाचा होता. सृष्टिकर्त्या ईश्वरास त्याच धातूवरून ‘श्युप्पेन्द’ म्हणत; सातव्या शतकांतील गुराखी कवि कॅडमन ह्याच्या स्तोत्रांत तें नांव आलें आहे. त्याच धातूपासून झालेल्या नामाला सृष्टि, आकार आणि विधिलिखित असे तीन अर्थ होते. पुढें निर्मितीचा अर्थ लॅटिनोद्भव ‘क्रिएट’ ह्या शब्दाकडे गेला, विधिलिखिताचा लुप्त झाला, आणि ‘शेप’च्या वांट्यास नुसता आकार राहिला. ‘फ्रेंडशिप’ ह्यांतील शेवटचा प्रत्ययहि ह्याच कुळांतला. गलबताशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

घडविणें आणि विधिलिखित ह्या दोहोंस एकच शब्द कसा? मराठी वाचकास ह्याचें नवल वाटूं नये. आपल्याकडे मूर्ति घडते आणि अपघातहि घडतो. ‘घटना’ म्हणजे रचनाहि आणि प्रसंगहि. इतक्या दूरच्या दोन भाषांस हा एकच संबंध सुचावा, ह्याचें कारण आम्हांस उघड दिसतें. माणसाला जो आकार येतो त्यांत त्याचें कर्तृत्व किती आणि प्राप्त परिस्थिति किती, हें वेगळें काढून दाखवितां येत नाहीं.

ह्या संदिग्धतेचा लाभ मात्र आपण मोठ्या चतुराईनें घेतों. यश आलें कीं तें ‘आम्हीं मिळविलें’ म्हणतों. अपराध झाला कीं तो ‘हातून घडला’ म्हणतों, जणूं हात दुसऱ्याचा होता! शेजाऱ्याच्या बाबतींत हाच न्याय उलटा होतो: त्याचें यश दैवानें दिलेलें आणि त्याचा अपराध त्यानें जाणूनबुजून केलेला.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलांतील ५१ व्या स्तोत्रांत पश्चात्तापदग्ध भक्त आपण पापांतच घडलों असें सांगतो, आणि तेथें ‘शेप’चेंच जुनें धातुसाधित योजिलें आहे. पण ती सबब म्हणून तो पुढें करीत नाहीं. अपराध स्वतःचा म्हणून कबूल करून तो ईश्वराजवळ शुद्ध अंतःकरण मागतो; आणि त्या मागणीच्या ठिकाणीं क्रियापद आहे ‘क्रिएट’. एकदां घडलेला माणूस पुन्हां घडूं शकतो, ही आशा त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेंत आहे. म्हणून दुसऱ्याचा अपराध तोलतांना तो कसा घडला हें आपण आधीं पाहावें; स्वतःचा तोलतांना मात्र तो आपण कसा घडविला, हेंच पाहावें.