त्रुटीचे दोन अर्थ

‘त्रुटी’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. नित्याच्या व्यवहारात त्रुटी म्हणजे उणीव वा दोष. जुन्या ज्योतिषग्रंथांत ती काळाचा अतिसूक्ष्म अंश आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिलेल्या कोष्टकाप्रमाणे हिशेब केला, तर एक त्रुटी म्हणजे सेकंदाचा ३३,७५० वा भाग होतो. एवढा अवधी प्रत्यक्ष मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. ती बुद्धीने केलेली विभागणी होती. आज तिच्याही सुमारे तीस हजाराव्या भागाचे, म्हणजे एका नॅनोसेकंदाचे, माप प्रयोगशाळेत घेतले जाते. परंतु काळाची त्रुटी हाती येऊ लागली, तशी साधनाची त्रुटीही समोर उभी राहिली. मोजले ते घटनेचे माप होते की मोजणाऱ्या यंत्राचे? हा प्रश्न तंत्रज्ञाचा खरा, पण तो तेवढाच नाही. ज्याने पाहिले त्याने ‘मी पाहिले’ असे कोणत्या अधिकाराने म्हणावे, हा सचोटीचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

या प्रश्नाचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. भोपाळच्या तुलसी नगरातून निघालो, तर सुमारे दोनशे किलोमीटरवर पचमढी लागते. आपल्यापैकी अनेक कुटुंबांना ती उन्हाळ्यातील हवापालटाची जागा म्हणून ठाऊक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तेथील काळोख्या आकाशाखाली पंचवीस दुर्बिणींचा एक समूह उभारला होता. १०७५ मीटर उंचीवरील त्या जागी सुमारे शंभर मीटर लांब व ऐंशी मीटर रुंद आवारात पाच-पाचच्या पाच रांगा होत्या आणि प्रत्येक दुर्बिणीत सात आरसे होते. दूरच्या ताऱ्यांच्या अवशेषांतून निघालेला प्रखर ऊर्जेचा गॅमा किरण वातावरणावर आदळला, की कणांचा वर्षाव होतो आणि त्या कणांमुळे हवेत क्षीण निळसर प्रकाश उमटतो. रशियन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. जमिनीवर तो पोहोचतो तो अवघ्या काही नॅनोसेकंदांपुरता. तेवढ्यात प्रकाश स्वतः एक-दीड मीटर चालतो, एवढेच.

हा प्रकाश प्रथम पकडला गेला तो १९५२ साली इंग्लंडमध्ये. गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी एका कचऱ्याच्या पिंपात छोटा आरसा आणि प्रकाशाचे विद्युत्स्पंदात रूपांतर करणारी फोटोमल्टिप्लायर नळी बसवून ते साधले. साधन गरिबीचे होते, पण निवड अचूक होती. ज्या ठिकाणी वेग हवा, त्या ठिकाणी त्यांनी तडजोड केली नाही. जेथे पिंप चालत होते, तेथे पिंप वापरले.

वेग हवा तो कशासाठी? अमावास्येचे आकाशही पूर्ण काळे नसते. तारकांचा आणि वातावरणाचा मंद प्रकाश आरशावर अखंड झरत असतो. पाच नॅनोसेकंदांची घटना जो पन्नास नॅनोसेकंद कान देऊन ऐकतो, त्याच्या कानी दसपट कोलाहल पडतो आणि जे ऐकायचे ते त्यात बुडून जाते. क्षणिक साक्षीदाराचे म्हणणे संथ न्यायाधीशापुढे नोंदलेच जात नाही. मंदपणा येथे निव्वळ उणीव राहत नाही, तो अन्याय ठरतो. दिशेचेही तसेच आहे. प्रकाशाची पातळ चकती कोणत्या दुर्बिणीवर आधी आली आणि कोणत्या दुर्बिणीवर नंतर, यावरून किरण कोठून आला ते ठरते. शंभर मीटरच्या अंतरात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे आकाशात अंशाच्या सुमारे सहाव्या भागाची चूक होते.

आता निवडीकडे वळू. नळीतून निघालेला स्पंद केबलमधून ॲम्प्लिफायरकडे, तेथून ठरावीक उंचीचा स्पंदच पुढे सोडणाऱ्या मंडलाकडे आणि शेवटी काळ मोजणाऱ्या घटकाकडे जातो. या साखळीत प्रत्येक कडी आपला मंदपणा मिसळते. दोन नॅनोसेकंदांत चढणारा स्पंद १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर पाहिला, तर तो चार नॅनोसेकंदांत चढल्यासारखा दिसतो; ५०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर तोच सुमारे २.१ नॅनोसेकंदांचा दिसतो. पहिल्या पाहणाऱ्याने खोटे काहीच सांगितलेले नसते. त्याने पडद्यावर दिसले तेच लिहिले. तरीही त्याच्या वहीत घटनेपेक्षा त्याच्या यंत्राचेच चरित्र अधिक उतरलेले असते.

म्हणून जे मिळेल ते सर्वांत वेगवान घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण तेही खरे नाही. वेगवान घटकासाठी दार अधिक रुंद उघडावे लागते आणि रुंद दारातून गोंगाटही अधिक आत येतो. ‘टीटीएल’ जातीच्या जुन्या तर्कद्वाराला उत्तर द्यायला सुमारे दहा नॅनोसेकंद लागत. ‘ईसीएल’ जातीचे द्वार एक-दोन नॅनोसेकंदांत उत्तर देई, पण वीज जास्त खाई आणि तापे. केबलच्या टोकाला योग्य रोध जोडला नाही, तर स्पंद भिंतीवर आदळल्यासारखा परततो आणि जी घटना कधी घडलीच नाही तिची नोंद होते. वेगवान घटक असा हलगर्जीपणा झाकत नाहीत, उलट उघडा पाडतात. तेव्हा किती वेग पुरे, याचे उत्तर पैशाच्या थैलीकडून किंवा प्रतिष्ठेच्या हौसेकडून घ्यायचे नसते. ते घटनेकडून घ्यायचे असते. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनात गरजेहून अधिक मागणे हा एक दोष, आणि गरजेहून कमी घेऊन ‘भागेल’ म्हणणे हा दुसरा. दुसरा अधिक घातक, कारण तो काटकसरीच्या नावाने सद्गुण म्हणून वावरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. मंदपणा ठाऊक असेल, तर गणिताने तो मागाहून वजा करता येणार नाही का? काही प्रमाणात येतो. परंतु जो तपशील यंत्राने गोंगाटाखाली गाडला, तो गणिताला उकरून काढता येत नाही. गणित अंदाज देते, साक्ष देत नाही. म्हणूनच निवडीची नैतिक वेळ मोजणीच्या आधीची आहे. उत्तर आपल्या बाजूचे की विरुद्धचे हे कळण्यापूर्वी साधन ठरवावे, त्याची मर्यादा लिहून ठेवावी, आणि मग जे दिसेल ते स्वीकारावे.

मर्यादा मोकळेपणाने मांडल्याने काय साधते, ते २०११ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरील इटलीतील भूमिगत प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा साठ नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे ‘ऑपेरा’ प्रयोगात दिसले. त्या शास्त्रज्ञांनी विजय घोषित केला नाही. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असेच जगाला सांगितले. २०१२ मध्ये कारण उमगले. मुख्यतः एका प्रकाशतंतूचा जोड नीट बसलेला नव्हता. आईनस्टाईनचा सिद्धान्त डळमळीत करू पाहणारा तो निष्कर्ष सैल जोडातून आला होता. चूक राहिली, पण असत्य राहिले नाही. कारण साठ नॅनोसेकंदांचा पूर्ण हिशेब त्यांनी इतरांपुढे उघडा ठेवला होता.

मापाच्या सचोटीचा विचार भोपाळच्या रहिवाशांना निव्वळ पंडिती वाटू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातील टाकीचा दाब वाढल्याचे मापकावर दिसले होते, पण त्याची वेळीच दखल घेतली गेली नाही. तेथील मापकांवर काम करणाऱ्यांचा भरवसाच उडालेला होता, हे त्याचे एक कारण. तेथे प्रश्न नॅनोसेकंदांचा नव्हता, मिनिटांचा आणि तासांचा होता. तत्त्व मात्र तेच. बेभरवशाचे यंत्र खोटे सांगते तेव्हा जेवढी हानी करते, त्याहून अधिक हानी ते खरे सांगत असता त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही तेव्हा होते.

पचमढीतील अनुभवाची शिदोरी घेऊन टाटा संस्थेने इतर संस्थांसह लडाखमधील हान्ले येथे ४३०० मीटर उंचीवर सात दुर्बिणींचा समूह उभारला. त्याच ठिकाणी ऑक्टोबर २०२४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे उद्घाटन झाले. साधने मोठी झाली, वेगवान झाली, आणि प्रत्येकाबरोबर तिची अशी मर्यादा आलीच. त्रुटीविना माप असत नाही. आपली त्रुटी किती, हे मापाच्या शेजारी प्रामाणिकपणे लिहिणे मात्र आपल्या हाती असते. शास्त्रज्ञ ती संख्या आपल्या उत्तरापुढे ‘अधिक-उणे’ म्हणून लिहितो. लोकांविषयी, इतिहासाविषयी, शेजाऱ्याविषयी आपण जी मते ठामपणे मांडतो, त्यांच्यापुढेही असे एखादे अधिक-उणे लिहिण्याची सवय जडली, तर आपल्या बोलण्याला कमीपणा येणार नाही. ते अधिक विश्वासार्ह होईल.