लावणारा आणि पाणी घालणारा

(शास्त्रपाठ : १ करिंथ ३:५-९)



जुलै महिना उजाडला की कचेऱ्या, शाळा, इस्पितळे, बँका, रेल्वेच्या वसाहती यांतून वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व शेतीमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि ही प्रथा आपल्या देशात चांगलीच रुजली. आपल्या ख्रिस्ती संस्थाही तीत मागे नाहीत. आपण जेथे नोकरी करता तेथे सहकाऱ्यांसमवेत आपणही एखादे रोप लावले असेल. ते आज कोठे आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? हा प्रश्न मी आपणांस विचारतो खरा. पण प्रथम तो मलाच विचारला गेला होता, आणि मजजवळ उत्तर नव्हते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या कार्यालयात भाषांतराचे काम करीत होतो, तेथील आम्ही सर्वांनी मिळून कुंपणालगत अकरा रोपे लावली. कडुनिंब होते, करंज होते, बकुळ होती. त्या दिवशीचे मनन माझ्याकडे होते. मी उत्पत्ती २:१५ हे वचन घेतले. देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते दोन कामांसाठी, आणि मूळ इब्री पाठात त्यांसाठी दोन क्रियापदे आहेत. पहिले ‘आवद’. त्याचा अर्थ मशागत करणे असा आहे, तसाच सेवा करणे असाही आहे. दुसरे ‘शामर’, म्हणजे राखणे, जपणे. गणना ६:२४ मधील याजकीय आशीर्वादात परमेश्वर आपल्या लोकांना राखो असे जे म्हटले आहे, तेथेही हेच क्रियापद येते. या ‘राखण्या’वर मी चांगली पंधरा मिनिटे बोललो. उद्यापासून ही रोपे कोण राखणार, हे मात्र मी विचारले नाही, आणि दुसऱ्या कोणीही विचारले नाही. छायाचित्र निघाले, चहा झाला, आम्ही आपापल्या मेजांकडे परतलो.

मे महिन्याच्या सुटीनंतर पाहतो तो दहा रोपे वाळून गेलेली. एक करंज तेवढा जिवंत, चांगला कमरेइतका उंच. कार्यालयात झाडलोट करणाऱ्या व चहा देणाऱ्या एक बाई होत्या, रोजंदारीवरच्या. त्यांना आम्ही मावशी म्हणत असू. मी कौतुकाने त्यांना म्हणालो, “मावशी, हे एक कसे जगले?” त्या म्हणाल्या, “कप विसळलेलं पाणी वाया जायचं, ते मोरीजवळच्या झाडाला घालत होते. बाकीच्यांना कुठनं घालू? नळ लांब, साहेब. तुम्ही लावलेलं कंचं होतं?”

माझे कोणते, ते मला ओळखू येईना. आणि छायाचित्रात मावशी नव्हत्या. त्या वेळी त्या आमच्यासाठी चहा करीत होत्या.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली, आणि ती सांगितल्याशिवाय हे मनन प्रामाणिक होणार नाही. त्या वर्षीच्या अहवालात ‘अकरा वृक्षांची लागवड’ असे वाक्य होते. ते मी लिहिले होते. त्यातील एकही शब्द खोटा नव्हता, तरी ते वाक्य खोटे होते. शब्दाशब्दाच्या खरेपणासाठी दिवसभर भांडणाऱ्या भाषांतरकाराने ते लिहावे!

आता पौलाकडे वळू. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा. पौल उत्तर देतो तो माळ्याच्या भाषेत. मूळ हेल्लेणी पाठात लावणे व पाणी घालणे ही क्रियापदे घडून संपलेल्या कृतीची आहेत. देवाच्या वाढविण्याचे क्रियापद मात्र चालू राहिलेल्या क्रियेचे आहे. माणसांची कामे संपत होती, देवाचे चालूच होते. आठव्या वचनात लावणारा व पाणी घालणारा एकच आहेत असे तो म्हणतो, तेथे ‘एक’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ती दोन माणसे राहतात, पण त्यांचे काम एक; वरचे-खालचे असे नाही. पुढे वेतनाविषयी ‘मिस्थोस’ हा शब्द येतो. तो मजुराच्या मजुरीचा शब्द आहे. ती मिळणार श्रमाप्रमाणे. हुद्द्याचा तेथे उल्लेख नाही. आपण हे वचन मिशनकार्याच्या सभांतून नेहमी ऐकतो. रोजंदारीच्या माणसाला ते कसे ऐकू येत असेल, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

आम्हा मराठी भाषांतरकारांना विल्यम केरी पूर्वजासारखा. श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार निघाला तो त्याच्या देखरेखीखाली. केरी वनस्पतिशास्त्रज्ञही होता. १८२० साली त्याने कलकत्त्यास शेती व बागाईतीची संस्था स्थापिली, आणि सह्याद्रीत आढळणाऱ्या कुंभ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव त्याच्याच नावावरून पडले. १८२३ च्या पुरात त्याने जमविलेली बाग उद्ध्वस्त झाली, तेव्हा म्हातारपणी त्याने पुन्हा लावणी केली. केरीचे नाव आपण सारे घेतो. मराठीच्या कामी त्याला साह्य करणाऱ्या वैजनाथ पंडितांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पुढच्या पावसाळ्यात आम्ही चारच रोपे लावली. खड्डे मे महिन्यातच खणून ठेवले, शेणखत घातले, आणि जागा मावशींनी दाखविल्या, नळापासून बादली नेता येईल अशा. पुढील तीन उन्हाळ्यांसाठी, सुटीसह, पाळीपत्रक करण्याचे ठरले. मावशींचे नाव सर्वांत वर लिहावे असे कोणी सुचविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं कशाला? मी घालतेच की. साहेबांचं लिहा.”

मी माझे नाव सोमवारपुढे लिहिले.