घासाला लागणारा वेळ

जरा स्वस्थ बसा. पाठ टेकवा. मऊ वरणभाताचा एक घास मनातच तोंडात घ्या आणि गिळायची घाई करू नका. जीभ घास दाढेकडे सारते, परत मध्ये आणते, गोळा करून मागे ढकलते. त्या क्षणी श्वास थांबतो, श्वासनलिका मिटते आणि घास खाली उतरतो. पुन्हा एकदा, सावकाश.

आता रेट सिंड्रोम असलेली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. साधारण दहा हजार मुलींमागे एखादीला हा विकार होतो. कालपर्यंत ती बिस्किट स्वतः धरून खायची. दीड वर्षाची होता होता हातांनी साथ सोडली. आता ते हात धुतल्यासारखे एकमेकांत पिळत राहतात. व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली हा विकार मांडला, त्याआधी त्यांचं लक्ष अशाच हातांनी वेधून घेतलं होतं. १९९९ मध्ये त्यामागचा एमईसीपी२ या जनुकातला बदल सापडला.

तिचा घास जिभेवर अडतो. श्वास कधी भरभर, कधी रोखलेला. घासाबरोबर हवा पोटात जाते, पोट टम्म फुगतं, त्यात बद्धकोष्ठता.

इथे तिच्या आईजवळ थोडं थांबा. ‘‘खाते गं, पण अंगाला कसं लागत नाही?’’ असं कुणीतरी विचारतं आणि आई रात्रभर स्वतःचं काय चुकलं ते शोधत बसते. हातांच्या सततच्या हालचालीतच ताकद जळते, असा समज होता. ह्यूस्टनच्या संशोधक कॅथलीन मोटिल आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. हालचालींनी ऊर्जेचा खर्च वाढतो, पण वाढ खुंटण्याचं कारण तो नव्हे. उंदरांवरच्या अभ्यासात तर चरबीच्या चयापचयातही बिघाड दिसला आहे. आईच्या हाताला दोष देण्यासारखं यात काहीच नाही. तासभर भरवूनही पोटात खरोखर किती गेलं, एवढंच शांतपणे पाहायचं.

चमचा आता तुमच्या हातात आहे. ती ताठ बसली आहे, मान मागे कललेली नाही. भात मऊ, वर तुपाची धार. चमचा ओठांपाशी नेऊन थांबा. या मुली नजरेने बोलतात. तिला उत्तर द्यायला वेळ द्या. पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नको. खोकला आला, आवाज घोगरा, ओलसर झाला, तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

तोंडाने पुरेसं जात नसेल, तर कधीतरी डॉक्टर पोटातून नळी टाकायचं सुचवतील. छातीत जे दाटून येईल, ते येऊ द्या. पण त्याला हार म्हणू नका, असं मला मनापासून वाटतं. नळीतून पाणी, औषधं, या मुलींच्या ठिसूळ हाडांना हवं असलेलं कॅल्शियम आणि पुरेसं अन्न जातं. गिळणं सुरक्षित असल्याचं तपासणीत दिसलं, तर आमरसाचे दोन चमचे तोंडानेही देता येतात, आणि ते देताना वजनाचा विचार करावा लागत नाही.