घरमालक फोन उचलत नाही

कॅनडात कायमचं राहायला आलेल्या प्रौढांना सरकारी खर्चाने इंग्रजी शिकवतात. १९९२ पासून चालू असलेल्या या योजनेला सगळे नुसतं ‘लिंक’ म्हणतात. भाषेच्या बारा पातळ्या आहेत, ऐकणं-बोलणं-वाचणं-लिहिणं ही चार कौशल्यं आहेत, पण शेवटी एक मोठा पेपर असला प्रकार नाही. शिक्षकानेच वर्गात अधूनमधून एकेक काम द्यायचं, तपासायचं, आणि विद्यार्थ्याने ते आपल्या फायलीत लावायचं. दंडक एकच, काम खऱ्या आयुष्यातलं हवं. बस चुकली म्हणून कामावर कळवणं, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचणं, मुलाच्या शाळेला गैरहजेरीची चिठ्ठी लिहिणं वगैरे.

मी मिसिसागात चौथ्या पातळीचा असा एक वर्ग घेते. माझे काका सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. सध्या ते आणि काकू पाहुण्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आहेत. मी तयार करत असलेला एक कागद त्यांच्या हाती लागला. त्यावर होतं : ‘जानेवारी महिना आहे. तुमच्या घरातलं हीटिंग काल रात्रीपासून बंद आहे. घरमालकाच्या व्हॉइसमेलवर निरोप ठेवा.’ खाली तपासणीचे पाच रकाने. नाव-पत्ता सांगितला का? अडचण कळते का? कधीपासून ते सांगितलं का? विनंती नम्रपणे केली का? फोन नंबर सावकाश सांगितला का?

“हे खरं आयुष्य?” काका म्हणाले. “मग खरा फोन लाव की.”

“तसं नाही करता येत. एकाचा घरमालक देवमाणूस, दुसऱ्याचा फोनच उचलत नाही. सगळ्यांना सारखं माप कसं लावणार? शिवाय त्यांच्या घरातल्या भानगडी मी वर्गात कशाला आणू?”

“म्हणजे माप हवं म्हणून आयुष्य काढून टाकलं आणि नाव तेवढं ठेवलं. बाई, आम्हीही हेच केलं. दहावीच्या पेपरात पत्र असायचं. महापालिकेच्या आयुक्तांना लिहा, आमच्या भागात कचरा उचलला जात नाही. लाखो पोरांनी लिहिलं. एकाने तरी पोस्टात टाकलं का? आणि खाली सही कोणाची? अ.ब.क.! स्वतःचं नाव घालायचीही चोरी.”

“पण त्या पत्रामुळे मायना तरी कळला ना?”

“मायना कळला. कचरा तिथेच आहे.”

मी हसले खरी, पण हार मानायची नव्हती. “तुमचं सगळं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून आलेलं. तसली वाक्यं कोण बोलतं? माझ्याकडे कर्तरीचं कर्मणी बिनचूक करणारी माणसं येतात, आणि मुलाला ताप आलाय हे दवाखान्यात फोनवर सांगायची वेळ आली की त्यांची बोबडी वळते. त्यांना रिकाम्या जागा भरायला देऊन मी काय मोजू?”

“रिकाम्या जागा निदान प्रामाणिक होत्या. आपण परीक्षा आहोत हे त्या लपवत नव्हत्या.”

परीक्षा घेण्याचा अभ्यास करणाऱ्यांत हा वाद जुना आहे. टिम मॅक्नमारा यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एकीत काम फत्ते झालं की नाही एवढंच बघायचं. दुसरीत काम हे निमित्त, भाषा कशी वापरली ते बघायचं. काकांना हे सांगण्यात धोका होता, तरी सांगितलं.

“मग तुझ्या कागदावर यातलं कुठलं?”

“दुसरं. थोडं पहिलंही.”

“पहिलं कुठल्या रकान्यात आहे, दाखव.”

दाखवण्यासारखा रकाना नव्हता. तेवढ्यात काकू गवारीच्या शिरा काढता काढता म्हणाल्या, “परवा औषधाच्या दुकानात मी गुडघ्यावर हात ठेवला आणि ‘धिस पेन’ म्हटलं. त्या मुलीने लगेच मलम काढून दिलं. मला किती मार्क?”

“काम झालं म्हणून बघितलं तर पैकीच्या पैकी. माझ्या रकान्यांनी पाचात फार तर एक.”

(काकूंना माझ्या वर्गात येताच येत नाही. योजना कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांसाठी आणि निर्वासितांसाठी आहे, नातलगांकडे पाहुणे म्हणून राहायला आलेल्यांसाठी नाही. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्या किती आजी-आजोबांना मराठीत आणि खुणांनी निभावून न्यावं लागतं, याबद्दल कुणीतरी वेगळं लिहायला हवं.)

“आणि ती मुलगी तुसडी असती तर?” काकांनी विचारलं.

“तर काहीच मिळालं नसतं.”

“म्हणजे मार्क त्या मुलीचे होते. बोलणं दोघांचं, आणि तू निकाल लावतेस एकाचा.”

“म्हणून तर रकाने! समोरचा कसा का असेना, विद्यार्थ्याचं माप त्याच्यावर अवलंबून राहू नये.”

“समोरच्याला काढून टाकल्यावर राहिलं काय? भिंतीशी बोलणं.”

“व्हॉइसमेल म्हणजे तेच असतं, काका.”

“ते मात्र खरं,” ते म्हणाले, पण मुद्दा सोडला नाही. “तुझ्या कागदात एक आश्वासन दडलंय बघ. या पाच गोष्टी नीट सांगा, घर गरम होईल. होतं का?”

नेहमी होत नाही. माझ्याच वर्गातल्या एकीने गेल्या हिवाळ्यात घरमालकाला अगदी या पाच रकान्यांप्रमाणे निरोप ठेवला होता. नम्र, स्पष्ट, नंबर दोनदा. घर आठवडाभर गारच राहिलं. शेवटी तिचा दीर जाऊन मोठ्या आवाजात बोलला. दुसरी बाई तिच्याहून खूपच कच्ची. तिचा निरोप असा : ‘हॅलो. बेबी. कोल्ड. टुडे यू कम.’ तो घरमालक संध्याकाळी पेटी घेऊन हजर. कागदावर पहिली पास, दुसरी नापास.

“मग कागद कुणाचं आयुष्य मोजतो?” काका म्हणाले.

“दुसरीचं नशीब चांगलं होतं. उद्या तिला हेच दवाखान्यात, बँकेत, मुलाच्या शाळेत करावं लागेल. तिथे तो घरमालक नसणार. माणूस जे बरोबर घेऊन फिरू शकतो तेवढंच मला मोजता येतं, आणि तेवढंच मोजावं. नाहीतर नशीबवानांना मार्क देत बसू.”

काकांनी चष्मा काढून पुसला. वर्गात खोडकर पोराने बरोबर उत्तर दिल्यावर ते असंच करत असणार.

“पटलं. मग त्याला भाषा म्हण. आयुष्य म्हणू नकोस.”

मला वाटलं, इथे मिटलं. पण त्यांचं बोट चौथ्या रकान्यावर गेलं. “आणि हे काय? विनंती नम्रपणे केली का? ऐन थंडीत ज्याच्या घरात हीटिंग नाही त्याने नम्र का व्हायचं? हीटिंग चालू ठेवणं हे घरमालकाचं कामच आहे ना?”

“कायद्याने आहेच.”

“मग तू नम्रपणाचे मार्क देतेस ते कुणाच्या सोयीसाठी? तुझे बाकीचे कागद आण बघू.”

आणले. विनंती करा, दिलगिरी व्यक्त करा, वेळ मागून घ्या, आभार माना. माझ्या कागदांवरचा नवा आलेला माणूस सतत कुणापुढे तरी उभा राहून काहीतरी मागत होता. नाही म्हणणारा कागद एकच निघाला. धोक्याचं काम नाकारण्याचा हक्क ऑन्टारिओत कामगाराला आहे. तसा कायदा १९७९ साली लागू झाला. त्यावर मी एक प्रसंग लिहिला होता : यंत्राचं संरक्षक झाकण निघालंय, मुकादम म्हणतो चालू कर, तुम्ही काय म्हणाल? तो वापरायची वेळ आली तेव्हा एका सहकारी बाईंनी सुचवलं होतं, या पातळीला हे जरा जड होईल. भाषा जड नव्हती. पातळ्यांच्या तक्त्यात बोलण्याच्या चार बाजू मांडल्या आहेत, त्यात काम करवून घेणं ही एक आहे. नकार तिथे सहज बसतो. जड होतं ते दुसरंच.

“हा घे,” काका म्हणाले. “बाकीचे ठेवून दे.”

“सगळेच भांडायला शिकवू?”

“भांडायला नको. ऐकलं नाही तर पुन्हा सांगायला शिकव. ते कुठल्याच कागदावर नाही.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी दुसऱ्याच बाजूने आले. “काका, तुम्ही म्हणता तितकं खरं आणलं तर काय होतं ते सांगू? ‘तुमच्या पहिल्या घराचं वर्णन करा, आठ वाक्यं.’ साधा विषय. सीरियातून आलेल्या एका गृहस्थांनी लिहिलं, चार खोल्या, अंगणात लिंबाचं झाड, आता नाही. पुढे काही लिहीनात. त्या तीन तुकड्यांना मी कुठल्या रकान्यात मार्क देऊ? तुम्ही ज्याला हसलात ना, तो अ.ब.क. अशा वेळी कामाला येतो. आता मी लिहिते, ‘तुमच्या किंवा कुणाही माणसाच्या घराचं.’ खोट्या नावाआड माणसाला उभं राहता येतं.”

“हे बरं केलंस. पण बघ, म्हणजे तुला खरं आयुष्य नकोच आहे. खऱ्याच्या आसपासचं, न बोचणारं हवंय. आणि काय बोचतं ते ठरवणार तू.”

“मग कोण ठरवणार?”

“ते मला विचारू नकोस. मी आयुष्यभर बोर्डाचा पेपर शिकवला. ठरवायची वेळच आली नाही.”

मी एक गोष्ट तोपर्यंत बोलले नव्हते. इथलं नागरिकत्व हवं असेल तर १८ ते ५४ वर्षांच्या माणसाला बोलण्यात आणि ऐकण्यात चौथी पातळी दाखवावी लागते, आणि आमच्या वर्गाचा दाखला त्यासाठी चालतो. हे ऐकल्यावर काकांनी कागद खाली ठेवला.

“म्हणजे तू मास्तरीण नाहीस. नाक्यावर बसलेली आहेस.”

“म्हणूनच मला हे रकाने काटेकोर हवेत. आणि म्हणूनच तासाभराच्या पेपरापेक्षा ही फाईल मला बरी वाटते. मी त्या माणसाला महिनोन् महिने पाहिलेलं असतं. सर्दी झालेल्या दिवशीही आणि पगार झालेल्या दिवशीही.”

“आणि त्यानेही तुला पाहिलेलं असतं. तुला काय आवडतं हे त्याला पाठ झालेलं असतं. तुझा आवाज, तुझा वेग, तुझं मान हलवणं. माझ्या वर्गातली पोरं माझं इंग्रजी बरोबर समजायची. इन्स्पेक्टर आला की वर्ग मुका.”

हा बाण लागला. माझ्या वर्गात घरमालक कोण होतं? मीच. व्हॉइसमेलनंतर परत फोन करणारा घरमालकही मी, दवाखान्यातली बाईही मी, शाळेची कारकूनही मी. सावकाश बोलणारी, वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी. ही फायलीची पद्धत आली तेव्हा सुरुवातीला दर कौशल्याचे आठ-दहा नमुने तीत मागत. चार कौशल्यांचे मिळून तीस-चाळीस. घरी बसून, पदरचे तास घालून हे कागद बनवणाऱ्या शिक्षकाला समोरचा माणूस कुठून आणायचा याचा विचार करायला उसंत कुठली? त्यामुळे विद्यार्थ्यांच्या फायली माझ्याशी केलेल्या संभाषणांनीच भरलेल्या.

मी कागद बदलला. चौथा रकाना काढून टाकला नाही. नम्रपणा इथे चालणारं नाणं आहे आणि ते खिशात असावं हे माझं मत कायम आहे. पण खाली सहावा रकाना घातला : ‘ऐकून घेतलं नाही तेव्हा पुन्हा सांगितलं का?’ हा रकाना व्हॉइसमेलवर तपासता येत नाही. त्याला पलीकडे जिवंत माणूस लागतो, आणि तो मी असून चालत नाही. काकांच्या मते या रकान्यानेही निकाल एकाचाच लागतो, पलीकडचा सुटतो तो सुटतोच. त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. तरी पहिला घरमालक व्हायला ते तयार झाले, आणि एका विद्यार्थिनीला त्यांनी फोनवर “हू गेव्ह यू धिस नंबर?” असं विचारून अर्धा मिनिट गप्प केलं. मग ती म्हणाली, “यू गेव्ह. इन पेपर. हीट नो वर्किंग, सर, आय से अगेन.” भाडेकरारावर नंबर त्यांनीच दिलाय, असं तिला म्हणायचं होतं. काकांनी तिला सहाव्या रकान्यात पूर्ण मार्क दिले, पाचव्यात नापास केलं, कारण नंबर सांगायची राहिली.

काका एप्रिलमध्ये परत जातील. तेव्हा मिसिसागा, ब्रॅम्प्टन, टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या ज्या वाचकांचा आवाज माझ्या वर्गाने कधी ऐकलेला नाही, त्यांनी आठवड्यातून एका संध्याकाळी फोनवर अर्धा तास द्यावा. घरमालक, मुकादम आणि दवाखान्यातली बाई, तिन्ही जागा रिकाम्या आहेत. मधूनच बोलणं तोडता येत असेल तर फारच उत्तम.