डबा एक, पराती दोन

कोल्हापुरात एक लहानशी सॉफ्टवेअर कंपनी होती. साखर कारखान्यांचे वजनकाटे आणि ऊसबिलं यांसाठी ती प्रोग्राम लिहून देई. गळीत हंगाम सुरू झाला, की कारखान्यांचे काटे रात्रंदिवस चालत आणि कंपनीतले फोनही. तिथे एक नवा पोरगा कामाला लागला होता. हुशार, चटपटीत आणि कुठल्याही कामाला पटकन ‘हो’ म्हणणारा. शेजारच्या टेबलावर एक अनुभवी बाई बसत. सगळे त्यांना ताई म्हणत.

पोराकडे एक नवं काम होतं. बिलाचे पैसे जमा झाले, की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जायला हवा. त्यासाठी त्याने गिटमध्ये वेगळी ब्रँच काढली होती. बिलाच्या जुन्या फाइलमध्ये काही बदल केले होते आणि मेसेज पाठवणारी एक नवीकोरी फाइल लिहायला घेतली होती. ती अर्धीच झाली होती. रकमेच्या जागी त्याने तात्पुरतं शून्य टाकून ठेवलं होतं.

संध्याकाळी एका कारखान्यातून फोन आला. भरल्या ट्रॅक्टरच्या वजनातून रिकाम्याचं वजन वजा करायचं, मग मोळ्यांच्या बांधणीची वजावट करायची, असा तिथला हिशेब. काही पावत्यांवर ही वजावट दोनदा होत होती. काट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि शेतकरी तापले होते.

“आत्ताच्या आत्ता करून द्या,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“करतो की,” पोरगा म्हणाला.

हातातलं काम कमिट करण्याजोगं नव्हतं. त्याने ‘गिट स्टॅश’ करून ते बाजूला सारलं, मुख्य ब्रँचवर आला आणि चूक शोधली. ती नेमकी बिलाच्या फाइलमध्येच होती, एका ओळीची. ओळ सुधारली, ‘गिट ॲड’ लिहून पुढे टिंब दिलं, कमिट केलं, पुश केलं. अर्ध्या तासात दुरुस्ती कारखान्यात पोचली. रांग हलली.

रात्री पुन्हा फोन वाजला. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर मेसेज जात होते: ‘आपल्या ऊसबिलाचे ₹ ० जमा झाले आहेत.’

झालं असं होतं, की स्टॅश फक्त गिटच्या ओळखीच्या फाइलींमधले बदल उचलतं. कधीच ॲड न केलेली नवी फाइल वेगळं सांगितल्याशिवाय ते घेत नाही. ती अर्धी फाइल फोल्डरमध्ये जिथल्या तिथे राहिली. पोरगा मुख्य ब्रँचवर गेला, तशी तीही मुकाट्याने मागोमाग आली. आणि ‘ॲड’पुढच्या टिंबाचा अर्थ ‘इथलं सगळं घे’ असा असल्यामुळे ती दुरुस्तीबरोबर कारखान्यातही गेली. प्रोग्राम त्या जागेवरच्या सगळ्याच फाइली चालवत असे. तिलाही त्याने चालवलं. रातोरात ती मुख्य ब्रँचमधून काढून पोराने आपल्या ब्रँचच्या कामात परत ठेवली, तेव्हा मेसेज थांबले.

दुसऱ्या दिवशी मुख्य ब्रँच आपल्या ब्रँचमध्ये मिसळून तो स्टॅश परत काढायला गेला, तर बिलाच्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट. तिच्या पोटात कुठे कालची दुरुस्ती, कुठे परवाचा बदल, मध्ये बाणांच्या आणि बरोबरच्या चिन्हांच्या रांगा. आपण काय लिहीत होतो, हेच त्याला आठवेना. दुपारपर्यंत तो कपाळाला हात लावून बसला.

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. “एक सांग. घरी पुरणपोळीची कणीक मळायला घेतलीय आणि दारात पाहुणे आले. त्यांना भाकरी करून वाढायचीय. तुझी आई काय करते? कणीक उचलून ताटलीत ठेवते आणि त्याच परातीत ज्वारीचं पीठ घेते?”

“नाही ओ ताई. दुसरी परात काढते.”

“मग तू का एकाच परातीत दोन्ही मळतोस?”

“म्हणजे सगळा प्रोजेक्ट दुसरीकडे पुन्हा क्लोन करायचा?”

“ती झाली दोन बिऱ्हाडं. इकडचं तिकडे कळवायला पुन्हा पुश आणि पुल आलंच. पिठाचा डबा एकच ठेवायचा, परात फक्त दुसरी घ्यायची.”

ताईंनी त्याच्याच मशीनवर करून दाखवलं. ‘गिट वर्कट्री ॲड’ लिहिलं. पुढे नव्या फोल्डरचा पत्ता, नव्या ब्रँचचं नाव आणि ती मुख्य ब्रँचवरून काढायची, एवढंच दिलं. शेजारी दुसरं फोल्डर उभं राहिलं, त्यात मुख्य ब्रँचचा स्वच्छ कोड. पोराची अर्धी फाइल पहिल्या फोल्डरमध्ये होती तशीच राहिली.

“आता आत बघ,” ताई म्हणाल्या. पहिल्या फोल्डरमध्ये ‘डॉट गिट’ नावाचं भलंमोठं फोल्डर होतं. दुसऱ्यात त्याच नावाची इवलीशी फाइल होती आणि तिच्यात एकच ओळ, खरा डबा कुठे आहे ते सांगणारी.

“सगळा इतिहास एकाच ठिकाणी राहतो. इथे केलेलं कमिट तिथे लगेच दिसतं. कोण कोणत्या ब्रँचवर आहे आणि कमिटसाठी काय काय निवडलंय, ही नोंद मात्र ज्याची त्याची वेगळी.”

“हे नवीनच दिसतंय.”

“कसलं नवीन! लिनस टॉरव्हाल्ड्सने गिट लिहिलं 2005 मध्ये. ही आज्ञा 2015 मध्ये 2.5 आवृत्तीबरोबर आली. तुझ्या मशीनवर पहिल्या दिवसापासून आहे. तू विचारलं नाहीस, एवढंच.”

पोरगा हरखून गेला. नव्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालवायला गेला, तर चालेना. लायब्ररी नाहीत, सेटिंगची फाइल नाही. जे गिटच्या हवाली केलेलंच नाही, ते गिट नव्या फोल्डरमध्ये कुठून आणणार? ते त्याने मांडून घेतलं. मग दोन्हीकडचे प्रोग्राम एकाच पोर्टवर उठायला बघू लागले. तेही वेगळे केले. डेटाबेस दोघांचा एकच होता, म्हणून दुरुस्तीसाठी त्याची वेगळी प्रत घेतली.

महिनाभर सुखात गेला. मग पोराला त्या सुखाची चटक लागली. फोन आला, काढ फोल्डर. कुणी काही सुचवलं, काढ फोल्डर. मनात एखादी कल्पना आली, तिलाही फोल्डर. एक दिवस मुख्य ब्रँच आणखी एका ठिकाणी उघडायला गेला, तर गिटने नकार दिला. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये आधीच उघडी आहे, म्हणे.

“ताई, हे अडवतंय.”

“बरं करतंय. एकच ब्रँच दोन ठिकाणी उघडी राहिली, तर इकडे कमिट करशील आणि तिकडे जुनाच कोड बघत बसशील. आता ‘गिट वर्कट्री लिस्ट’ दे बरं.”

पडद्यावर यादी उतरली, ती संपेचना.

“यातल्या कितींवर आज हात फिरवलास?”

पोराने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. “एकावर.”

“मग बाकीच्यांचं काय ते बघ.”

त्याला लाज वाटली. त्या संध्याकाळी तो आवराआवर करायला बसला आणि इथेही त्याने घाईच केली. फाइल मॅनेजर उघडला, फोल्डर निवडली आणि सरळ डिलीट मारलं. कचरापेटीही रिकामी केली. घरी जाताना त्याच्या लक्षात आलं, की त्यातल्या एका फोल्डरमध्ये नव्या अहवालाचं काम होतं आणि ते कमिट केलेलं नव्हतं.

सकाळी ताईंनी ऐकून घेतलं. “जे कमिट केलं होतंस, ते डब्यात आहे, त्याला काही झालेलं नाही. जे नुसतं परातीत होतं, ते गेलं. ‘गिट वर्कट्री रिमूव्ह’ म्हणाला असतास, तर आत न नोंदलेले बदल आहेत म्हणून त्याने काढायला नकार दिला असता. तू त्याला विचारलंच नाहीस.”

मग त्यांनी त्याच्याकडून पुन्हा यादी काढून घेतली. फोल्डर गेली होती, पण त्यांच्या नोंदी अजून रेंगाळत होत्या. ‘गिट वर्कट्री प्रून’ दिल्यावर त्या पुसल्या गेल्या. अहवाल मात्र पोराला पुन्हा लिहावा लागला.

हंगाम सरत आला होता. एका दुपारी पोरगा हिशेबाच्या अवघड गुंत्यात मान घालून बसला होता. फोन वाजला. वेगळा कारखाना, वेगळी चूक, घाई तीच.

“आत्ताच्या आत्ता करून द्या.”

पोराने हातातलं काम स्टॅश केलं नाही, कमिट केलं नाही, त्याला हातच लावला नाही. शेजारी नवं फोल्डर काढलं. त्यात चूक सुधारली, तपासली, नेमकी तेवढीच फाइल नाव घेऊन ॲड केली. दुरुस्ती मुख्य ब्रँचमध्ये गेली, कारखान्यात पोचली. कारखान्याने “झालं” म्हणून कळवल्यावर त्याने ‘रिमूव्ह’ म्हटलं. गिटने तक्रार केली नाही, कारण आत काही उरलंच नव्हतं. मग तो पहिल्या खिडकीत परतला आणि अर्ध्या राहिलेल्या ओळीचा पुढचा कंस टाकून ती पूर्ण केली.

तात्पर्य: तातडीचं काम आलं, म्हणून हातातलं काम उधळू नये, त्याला वेगळी जागा द्यावी. आणि काम संपलं, की आत काही राहिलं नाही ना हे पाहून ती जागा मोकळी करावी.