पुढचा गार्ड

मामांनी २०२३च्या दसऱ्याला जुनी स्कॉर्पिओ घेतली आणि ती घरी यायच्या आधी दुकानात गेली. बीडकडे हीच रीत आहे. आधी गार्ड, मग नारळ. मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो, त्यामुळे दुकानदाराने बिल माझ्याच हातात दिलं. पुढचा स्टीलचा गार्ड, त्यावर दोन एलईडी दिवे, फूटबोर्ड, प्रेशर हॉर्न, रुंद टायर, सीट कव्हरं, दारांवरचे व्हायझर. एकूण ४६ हजार. काचांना काळी फिल्म लावायचं मामांनी 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकललं. मागच्या काचेवर काय लिहायचं यावर मात्र अर्धा तास चर्चा झाली. आमच्याकडे मागच्या काचेवर कोणत्या गडाचं, कोणत्या बाबांचं, कोणत्या नेत्याचं नाव आहे एवढ्यावरून गाडीतला माणूस कुणापैकी आहे हे पन्नास फुटांवरून कळतं. शेवटी आजोबांचं नाव लिहायचं ठरलं. मला ते आवडलं.

हे सगळं 'हौस' या शब्दात बसवून सोडून देता येतं. मीही बरेच दिवस तेच केलं. पण गाडीला लावलेल्या वस्तूंमध्ये दोन जाती असतात, हे मला उशिरा लक्षात आलं. सीट कव्हर हे आत बसणाऱ्यासाठी असतं, त्याचा बाहेरच्या कुणाला काही त्रास नाही. गार्ड, दिवे आणि हॉर्न हे बाहेरच्यासाठी असतात. ते विकत आपण घेतो, वापर मात्र समोरच्यावर होतो. मग त्या खरेदीत समोरच्याला विचारायला नको का? हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो, रस्त्यावर तसा राहत नाही.

आधी गार्डाचं बघू. कंपनीने दिलेला बंपर प्लॅस्टिकचा असतो, म्हणून लोकांना तो कमअस्सल वाटतो. त्याच्या मागे असलेली रचना धडक बसल्यावर चुरगळावी अशीच केलेली असते. ती चुरगळताना धक्क्याचा जोर थोडा जास्त वेळात पसरतो, आणि आतल्या माणसाच्या छातीपर्यंत कमी पोचतो. गाडी कमी होण्याचा वेग किती आहे हे सेन्सर मोजतो आणि एअरबॅग उघडायची की नाही ते ठरवतो. आता या सगळ्याच्या पुढे जाड पाइपांचा सांगाडा आणून थेट चॅसीला बोल्टने आवळला, की धक्का थेट चॅसीत जातो. सेन्सरचं गणित ज्या गाडीवर बेतलं होतं ती गाडीच उरत नाही. एअरबॅग उशिरा उघडेल, किंवा किरकोळ ठोकरीतही उघडेल. आणि समोर माणूस असेल तर बॉनेटच्या पत्र्याऐवजी त्याच्या मांडीला आणि बरगड्यांना पाइप लागतो. ऑस्ट्रेलियात असे गार्ड कांगारूंसाठी लावत आले. युरोपीय संघाने २००५ मध्ये त्यांना पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या लावल्या. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहेत, कारवाई करा, असं सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल करता येणार नाहीत असा निकाल दिला. काळ्या फिल्मवरची बंदी तर त्याहून जुनी, २७ एप्रिल २०१२ची. दुकानं तरीही सुरू आहेत, आणि दुकानदार बिलावर 'अॅक्सेसरीज' एवढंच लिहितो.

हे सगळं मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "आन् रातच्याला रानडुक्कर आडवं आलं तर तुझं मंत्रालय येनारंय का गाडी दुरुस्त करायला?" हा प्रश्न खोटा नाही. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना रात्री मोकाट गुरं डांबरावर बसलेली असतात, कारण डांबर उबदार असतं. हरणं येतात, डुकरं येतात. साध्या बंपरची दुरुस्ती आणि रेडिएटर मिळून जो खर्च येतो तो मी पाहिलेला आहे. गार्ड लावणारा प्रत्येक माणूस मिजासखोर असतो असं मानणाऱ्यांनी या रस्त्यावर एकदा रात्री गाडी चालवून पाहावी.

टायरचं मी वहीवर गणित केलं. कंपनीचा टायर २३५/६५ आर १७, मामांनी घातला २६५/६५ आर १७. व्यास साधारण ७३७ मिलिमीटरचा ७७६ झाला, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडा जास्त. मीटर मुळात अचूक होतं असं धरलं तर काटा ८० वर असताना गाडी ८४ ने पळत असते. मामांना याचं हसू आलं. मला नाही आलं. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून आपण तिच्याशी काही करतो, आणि त्यानंतर ती आपल्यालाच थोडं कमी सांगायला लागते.

पण खरी गोष्ट दिव्यांची आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी रात्री नऊच्या सुमाराला केजहून मांजरसुंब्याकडे येत होतो. स्कॉर्पिओ मीच चालवत होतो, शेजारी मामेभाऊ झोपला होता. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत संसार, वरती माणसं, शेवटी एखादं लुकलुकतं रेडियम किंवा तेही नाही. अशा रस्त्यावर जास्त उजेड ही चैन नसते, हे मी आजही म्हणेन.

समोरून मोटारसायकल आली. मी डिपर दिला. पुण्यात शिकलेली ही सवय मला स्वतःबद्दल चांगलं वाटायला लावते. आपण समोरच्याचा विचार करणारे. फक्त गार्डावरच्या एलईडींची वायरिंग वेगळी होती. त्यांचं बटण स्टिअरिंगच्या खाली, हेडलाइटच्या दांडीशी त्याचा काही संबंध नाही. दांडी खाली केली तरी ते दोन दिवे पूर्ण जळत राहतात. साध्या हॅलोजन हेडलाइटमध्ये खालच्या झोतासाठी बल्बच्या तारेखाली एक छोटी आडोशाची वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश एका रेषेच्या खाली राहतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. बाहेरून बसवलेल्या या दिव्यांना अशी रेषाच नसते, ते सगळीकडे फेकतात.

मोटारसायकल डगमगली, डांबराच्या कडेवरून खाली उतरली आणि चारीत आडवी झाली.

मी थांबलो. बॅटरी घेऊन खाली गेलो. चाळिशीचा माणूस होता, मागे खताची रिकामी पोती बांधलेली. मनगट धरून उठत होता. त्याने आधी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, गाडीकडे. गार्ड, दोन पांढरे दिवे, उंच बॉनेट. मग हात जोडण्यासारखं काहीतरी करत तो म्हणाला, "चुकलं साहेब. माझंच चुकलं."

मी त्याची मोटारसायकल उभी करायला मदत केली. हँडल वाकलं होतं. मी पाचशेच्या दोन नोटा दिल्या, त्या त्याने दोन्ही हातांनी घेतल्या. आणि मग मी जे बोललो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, "सावकाश चालवत जा."

परत गाडीत बसलो तेव्हा मी एलईडीचं बटण बंद केलं. म्हणजे ते कुठे आहे हे मला माहीत होतं. त्याहून वाईट म्हणजे, डिपर दिल्यावर रस्ता काळोखा व्हायला हवा होता, तो झाला नव्हता, हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. मी बटणाकडे हात नेला नाही, कारण उजेड बरा वाटत होता.

त्यानंतर बरेच दिवस मी स्वतःशी वकिली केली. मुद्दाम केलं नाही, हेतू नव्हता. पण माझा व्यवसाय मला इथे सुटू देत नाही. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो तेव्हा वापरणाऱ्याने काहीच निवडलं नाही तर काय व्हावं, हे आधी ठरवून ठेवतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. पुढे त्यातून कुणाचं नुकसान झालं तर 'त्या क्षणी मी काहीच केलं नाही' असं म्हणता येत नाही. करायचं ते आधीच करून ठेवलेलं असतं. दिव्याची वायर दांडीपासून वेगळी काढणं हा असाच आधी घेतलेला निर्णय होता. तो दुकानात, दिवसाउजेडी, चहा पीत घेतला गेला, आणि तिथे बिल हातात धरून मी उभा होतो. हेतू रात्री नऊ वाजता शोधून सापडणार नाही, तो दसऱ्याच्या त्या दुपारी शोधायला हवा.

आणि ती माफी. ती त्याने मला मागितलेली नव्हती, मला तो ओळखतही नव्हता. त्याने गार्डाची माफी मागितली. तो गार्ड एरवी कुणाकुणाच्या गाडीला असतो हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं आहे. मी फक्त ती माफी स्वीकारली, जशी दुसऱ्याच्या नावाने आलेली मनीऑर्डर कुणी सही करून घ्यावी.

मामांना मी हे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग आजोबांचं सांगितलं, जे मी तुकड्यातुकड्यांत आधीही ऐकलं होतं. आजोबा मुकादमाची उचल घेऊन बैलगाडीसह कारखान्यावर जायचे, सांगलीकडे, कोल्हापूरकडे. मामांचं लहानपण पाचटाच्या कोपीत गेलं. एका पहाटे उसाने भरलेली गाडी घेऊन जाताना मागून आलेल्या जीपने हॉर्न देत देत त्यांना रस्त्याखाली उतरवलं. गाडी कलंडली, एक बैल कामातून गेला. जीप थांबली नाही. आठ वर्षांचे मामा उसाच्या वर बसलेले होते. "तवा त्या जीपला फुडं असाच गार्ड व्हता," मामा म्हणाले. "मला तेवढाच आठवतो."

यावर मी काय बोलणार होतो? आज मामांकडे एक जेसीबी आहे, दोन टिप्पर आहेत. तहसीलमध्ये किंवा बँकेत गेल्यावर बाहेर उभी असलेली गाडी त्यांच्यासाठी निम्मं बोलून टाकते. मोटारसायकलवर गेले तर तासभर बाकावर बसवून ठेवलं जातं, हे त्यांनी अनुभवलेलं आहे. जो समाज माणसाला गाडीवरून मोजतो त्याने गाडी सजवणाऱ्याला साधेपणा शिकवू नये, असं मला वाटतं. पुण्यातली माझी इलेक्ट्रिक स्कूटर ही साधेपणाची खूण असेल, पण ती परवडायला आधी कुणीतरी मला माणूस म्हणून मोजलेलं असावं लागतं.

तरीही हिशेब जुळत नाही. ज्या जीपने आजोबांना खाली उतरवलं ती मामांच्या दिव्यांच्या समोर कधी येणार नाही. समोर येतो तो खताची पोती बांधलेला माणूस. मामांचा सूड, त्याला सूड म्हणायचंच असेल तर, चुकीच्या पत्त्यावर जातो, आणि तो पत्ता आजोबांचाच निघतो. हे मी मामांना या शब्दांत म्हणालो नाही. म्हणायची हिंमत झाली नाही, आणि म्हणायचा अधिकार 'सावकाश चालवत जा' म्हणणाऱ्याला किती, हाही प्रश्न होताच.

मग डिसेंबर २०२४ आला. ९ तारखेला मस्साजोगच्या सरपंचांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली. अपहरणात वापरलेली काळी स्कॉर्पिओ पोलिसांनी जप्त केली, तिचे फोटो घराघरांत पोचले. मस्साजोग त्याच रस्त्यावर आहे, केजच्या अलीकडे. त्यानंतर मामांच्या गाडीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. एका गावात पेट्रोल भरताना लहान पोरगी आईच्या मागे लपली. ते मामांनी स्वतः मला फोनवर सांगितलं, आणि सांगून बराच वेळ गप्प राहिले. २०२५च्या सुरुवातीला बीडच्या पोलीस दलात टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकली गेली, तेव्हा आमच्याकडे त्याची थट्टाही झाली. मला ती कल्पना बारकी पण खरी वाटली. पाटी, काच, गार्ड, या सगळ्या वस्तू बोलतात, आणि त्यांतलं एखादं वाक्य आपण पुसू शकतो.

मामांनी काळी फिल्म कधीच लावली नाही. एलईडी मागच्या पावसाळ्यात काढले. मी मेकॅनिककडे उभा राहून कंपनीच्या हेडलाइटचा झोत भिंतीवर धरून नीट लावून घेतला. प्रेशर हॉर्न आहे, पण जोडलेला नाही. टायर झिजतील तेव्हा मूळ मापाचे घालू असं ठरलंय. गार्डावरून अजून भांडण चालू आहे. "डुकराचं काय?" हा त्यांचा प्रश्न आणि "माणसाचं काय?" हा माझा. मागच्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा वेगळंच विचारलं.

"त्या मोटरसायकलवाल्याला तू सांगितलं का रे, की दिवे आपले चालू व्हते म्हून?"

मी म्हणालो, "नाही."

"गाव तरी विचारलं व्हतं का?"

गाव त्याने आपणहून सांगितलं होतं, हँडल सरळ करता करता. मांजरसुंब्याच्या अलीकडे डावीकडे फाटा लागतो, तिथून आत चार किलोमीटर. या दिवाळीत मामा म्हणाले, चल, मी येतो. आम्ही निघालो, फाट्यापर्यंत गेलो. तिथे मामांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले की या गाडीतून त्याच्या दारात जायला नको, तो पुन्हा हात जोडील. फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्याची मोटारसायकल मागून बघू, असं म्हणून ते खाली उतरले.